सुट्टी, छुट्टी आणि सान साल्वातोरे

जबलपूरच्या मराठी घरांत ‘सुट्टी’ हा शब्द ऐकू येतो तो पुण्या-मुंबईचा पाहुणा आला तरच. एरवी गोरखपूरच्या बाजारात काय आणि घरात काय, आम्ही ‘छुट्टी’च म्हणतो. पाहुण्यांना त्याचं हसू येतं. पण दोन्ही शब्दांची नाळ एकच आहे. एक सुटण्यातून आला, दुसरा छूटण्यातून. कशापासून तरी सुटका झाली, एवढंच ते सांगतात. सुटून पुढे जायचं कुठे, याबद्दल दोघेही गप्प आहेत. इंग्रजी ‘हॉलिडे’च्या पोटात पवित्र दिवस आहे, सण आहे. इटालियन ‘वाकान्त्सा’च्या पोटात रिकामेपण आहे. आपल्याकडे सण आणि सुटका यांचे शब्द वेगळे राहिले, आणि घरातल्या बायकांच्या बाबतीत ते अनेकदा एकमेकांचे वैरीच ठरले. सण आला की सुटका संपली.

एलिझाबेथ फॉन आर्निम यांची ‘दि एन्चांटेड एप्रिल’ ही १९२२ सालची कादंबरी वाचताना हे शब्द मनात घोळत राहतात. इंग्रजी वाचकांत ही कादंबरी ‘गोड’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९३५ मध्ये आणि पुन्हा १९९२ च्या सुमारास तिच्यावर चित्रपट निघाले, दुसरा माइक न्यूवेल यांचा, आणि त्यानंतर तर विस्टेरियाच्या जांभळ्या घोसांखाली तिची खरी धार पुरती झाकली गेली. ही कादंबरी गोड आहे हे मला मान्य आहे. पण तिच्यात पैशांचा, खोल्यांचा आणि स्वयंपाकघराचा जो काटेकोर हिशेब आहे, तो मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही असं मला वाटतं.

कथा थोडक्यात अशी. लंडनमध्ये फेब्रुवारीचा पाऊस पडतो आहे. बायकांच्या एका क्लबात लॉटी विल्किन्स ‘टाइम्स’मधली जाहिरात वाचते: भूमध्य समुद्राकाठचा एक छोटा मध्ययुगीन किल्ला एप्रिल महिन्यापुरता भाड्याने देणे आहे. तिथेच बसलेली, नुसती तोंडओळख असलेली रोझ आर्बथनॉटही तीच जाहिरात वाचते आहे. भाडं ६० पौंड. दोघींना ते जड जातं, म्हणून त्या आणखी दोघी शोधतात: जुन्या थोर लेखकांच्या आठवणींवर जगणारी वृद्ध मिसेस फिशर आणि लोकांच्या नजरांना कंटाळलेली सुंदर, तरुण लेडी कॅरोलाइन. किल्ल्याचं नाव सान साल्वातोरे. आर्निमबाई स्वतः पोर्तोफिनोच्या ज्या किल्ल्यात राहिल्या होत्या, तो आज कास्तेल्लो ब्राउन म्हणून ओळखला जातो. कादंबरीतल्या किल्ल्यामागे तोच आहे.

आता पैसे. लॉटीजवळ जे आहे ते कपड्यांसाठी मिळणाऱ्या रकमेतून वर्षानुवर्षं काटकसर करून साठवलेलं. मराठीत याला शब्द शोधावा लागत नाही. डाळीच्या डब्यात, जुन्या पातळाच्या घडीत ठेवलेला हा पैसा आपल्या आज्यांना चांगला माहीत होता. फरक एवढाच, की आपल्याकडे तो अडीअडचणीला बाहेर निघायचा, मुलाच्या फीला किंवा नवऱ्याच्या आजारपणाला. स्वतःला एक महिना रिकामं बसता यावं म्हणून तो काढला, अशी नायिका आपल्या कथा-कादंबऱ्यांत मला सहजी आठवत नाही.

आणि इथेच कादंबरीतला सगळ्यात चतुर प्रसंग येतो. लॉटीने चोरून बेत पक्का केला आहे, नवऱ्याला सांगायचं धाडस होत नाही. तो मेलर्श, वकील, हिशेबी माणूस. आणि तोच एके दिवशी जाहीर करतो की ईस्टरला आपण तिला इटलीला घेऊन जाणार आहोत. तीच इटली, तोच हंगाम. खरं तर लॉटीने आनंदाने उडी मारायला हवी. ती घाबरते. आयती मिळणारी ईस्टरची सुट्टी तिला नको आहे, कारण त्या सुट्टीत ती नवऱ्याचं सामान सांभाळणारी सोबतीण असेल. तिला तीच जागा हवी आहे, पण स्वतःच्या पैशाने घेतलेली. दोन इटल्यांमधला हा फरक आर्निमबाई एका विनोदी संवादात उरकून टाकतात. त्या पुढे त्याच्यावर प्रवचन देत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

किल्ल्यात पोचल्यावर पहिल्या सकाळी लॉटी जागी होते ती एका छोट्या खोलीत, एकटीच. कितीतरी वर्षांनी पलंगावर फक्त ती आहे. खिडकीची झडप उघडली की खाली समुद्र आहे, पण माझ्या मते त्या प्रकरणाचं खरं दृश्य समुद्र नाही. तो एकट्याचा पलंग आहे. आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. व्हर्जिनिया वूल्फ यांचं स्वतःच्या खोलीबद्दलचं पुस्तक १९२९ चं. लॉटीची खोली त्याच्या सात वर्षं आधीची आहे आणि ती लिहिण्यासाठी नाही, नुसती लोळण्यासाठी आहे. लिहिण्यासाठी खोली मागणं समाजाला पटवता तरी येतं.

मराठीत या कादंबरीचं भाषांतर करायला बसलं तर पहिली अडचण शीर्षकातच येईल. आपला एप्रिल मोहक नसतो. परीक्षा संपतात, मुलं घरी येतात, नणंदा आणि त्यांची मुलं येतात, गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं पसरतात, कैऱ्या चिरल्या जातात. जबलपूरला तर महिनाअखेरीस लू सुरू होते, कूलरला खसच्या नव्या ताट्या बसवाव्या लागतात आणि दुपारी रस्ते ओस पडतात. मराठी घरातल्या बाईचा हा वर्षातला सगळ्यात कष्टाचा महिना. लंडनच्या बाईला एप्रिलमध्ये घर सोडावंसं वाटतं; आपल्या बाईच्या घरात एप्रिलमध्ये सगळे येतात.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे माहेर आहे की. आहेच. ओव्यांपासून भावगीतांपर्यंत आपल्या भाषेने विश्रांतीची जी एक जागा बाईला दिली ती माहेर. पण माहेरपणाचा हिशेब नीट मांडायला हवा. एक लेक माहेरी येऊन पाय पसरते तेव्हा त्याच घरातली सून, तिची भावजय, चुलीपाशी दुप्पट राबत असते. विश्रांती घरातल्या घरात एका बाईकडून दुसरीकडे सरकते. आणि माहेर हे भाड्याने घेतलेलं घर नव्हे; तिथे कुणाला बोलवायचं, किती दिवस राहायचं, हे लेकीच्या हातात नसतं. लॉटीच्या हातात ते आहे. म्हणूनच ती जेव्हा थोड्याच दिवसांत मेलर्शला पत्र लिहून किल्ल्यावर बोलावते, तेव्हा ‘शेवटी नवऱ्याकडेच वळली’ म्हणून नाराज होणं मला घाईचं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा ती यजमान आहे आणि तो पाहुणा. मेलर्श येतो, न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब फुटतो, आणि हा गंभीर वकील टॉवेल गुंडाळून धावत बाहेर येतो तो नेमका लेडी कॅरोलाइनसमोर. पाहुण्याची अशी फजिती यजमानाच्या घरीच होऊ शकते.

रोझचं प्रकरण याहून अवघड आहे आणि टीकाकार त्याच्याकडे पुरेसं पाहत नाहीत. तिचा नवरा फ्रेडरिक राजेलोकांच्या रखेल्यांची रंगेल चरित्रं टोपणनावाने लिहून पैसा कमावतो. धर्मभीरू रोझ तो पैसा गोरगरिबांवर खर्च करून जणू धुऊन काढते. शेवटी फ्रेडरिक किल्ल्यावर येतो. तो आपल्यासाठी आला असं समजून रोझ त्याच्या गळ्यात पडते. तो प्रत्यक्षात आलेला असतो लेडी कॅरोलाइनच्या ओढीने. त्याला ते कबूल करायची संधीच मिळत नाही, आणि नंतर तो खरोखरच रोझचा होऊन जातो. म्हणजे एका संसाराचं पुनरुत्थान गैरसमजावर उभं आहे. लेखिका तो गैरसमज दूर करत नाही. कादंबरी गोड आहे म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं.

तरीही या कादंबरीत एक खोली बंदच राहते, आणि ती आहे स्वयंपाकघर. नोकरचाकर तिथेच राहतील, असं मुळात जाहिरातीतच आश्वासन आहे. कोस्तान्त्सा स्वयंपाक करते, फ्रान्चेस्का वाढते, दोमेनिको बाग सांभाळतो. कोस्तान्त्सा बाजारात हात सैल सोडून खर्च करते आणि मिसेस फिशर तिच्या हिशेबाच्या वह्यांवर करडी नजर ठेवते. यात विनोद आहे आणि तो चांगला जमला आहे. पण कोस्तान्त्साचा एप्रिल कसा जातो हे आर्निमबाईंना कधी विचारावंसं वाटलं नाही. माहेरी भावजय राबते, सान साल्वातोरेत कोस्तान्त्सा. इटालियन भाषेत एक म्हण आहे: नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर मनाला येईल त्याच्याबरोबर. लॉटी आणि रोझ ही म्हण अक्षरशः जगतात. कोस्तान्त्सा ज्यांच्याबरोबर आहे, त्यांना तिने निवडलेलं नाही.

इथून मराठी प्रवासवर्णनांकडे वळतो, कारण इटलीचा किनारा आपल्या वाचकाला भेटलाच तर तिथे भेटतो. आपल्या प्रवासलेखनाची सुरुवातच गरजेतून झाली. गोडसे भटजी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चं, गंगाधर गाडगीळांचं ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चं, पु. लं.चं ‘अपूर्वाई’ १९६० चं. या पुस्तकांनी आपल्या गद्याला डौल दिला. पण त्यांतला मी सतत निघालेला असतो. उद्या दुसरं शहर, परवा तिसरं. बघायचं फार आणि दिवस थोडे, परकीय चलन त्याहून थोडं. नंतर मीना प्रभूंनी एकेका देशाला अख्खं पुस्तक द्यायला सुरुवात केली आणि इटलीला तर ‘रोमराज्य’चे दोन भाग दिले. एकट्या बाईने, स्वतःच्या कुतूहलाच्या बळावर देश पालथा घालायचा, हे मराठीत त्यांनी रुळवलं. लॉटीला त्या आवडल्या असत्या. मात्र ‘पालथा घालणं’ हा शब्दच बघा. आपल्या उत्तम प्रवासवर्णनांतही माणूस देश पालथा घालतो. देशासमोर पालथं पडून राहत नाही. मुक्काम या शब्दाचा अर्थ आपल्याकडे रात्रीपुरतं थांबणं असा उरला आहे.

हा आळशीपणाचा पुरस्कार नव्हे. थांबल्याशिवाय काही गोष्टी दिसतच नाहीत, आणि इटलीच्या किनाऱ्यावरचा ईस्टर ही त्यांतलीच एक. सहलीच्या वेळापत्रकात किनारा म्हणजे काप्रीची बोट आणि अमाल्फीचा घाट, दोन्ही एका दिवसात. पण त्याच आठवड्यात सिसिलीतल्या त्रापानीला गुड फ्रायडेच्या दुपारी ख्रिस्ताच्या यातनांचे वीस मूर्तिसमूह खांद्यांवर निघतात आणि शनिवारी परत येईपर्यंत रात्रभर गावभर फिरतात. एकेक मूर्तिसमूह एकेका व्यवसायाच्या संघाचा, कोळ्यांचा एक, मीठवाल्यांचा एक. तारान्तोला बुरखे घातलेले, अनवाणी यात्रेकरू जोडीजोडीने इतके हळू चालतात की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. सोरेन्तोला पहाटेपूर्वी पांढऱ्या वेषातली मिरवणूक निघते, रात्री काळ्या वेषातली. यात रिकामेपण कुठे आहे? खांद्यावर घट्टे पडतात. पालखीला खांदा देणाऱ्याला, वारीत चालणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. मजा म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला ‘पास्क्वेत्ता’ म्हणतात, हेच लोक डबे बांधून मोकळ्या हवेत खायला जातात. सण आणि सुटका शेजारीशेजारी, पण एका दिवसाच्या अंतराने. आर्निमबाईंच्या किल्ल्याच्या भिंतींआड यातलं फारसं काही पोचत नाही.

चालणं आणि थांबणं एकत्र कसं लिहावं, याचा धडा आमच्या जबलपुरात होता. गोरखपूरहून ग्वारीघाट फार लांब नाही. अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या तोंडावर, नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली, तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेला हा चित्रकार गुजराती आणि हिंदी अशा दोन भाषांत लिहीत होता. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ वाचताना जाणवतं की त्यांना पोचायची घाई नाही. घाटावरची बाई कपडे कशी पिळते हे बघत ते उभे राहतात, रेखाटन करतात, मग चालू लागतात. पुढच्या प्रवासांत त्यांच्या पत्नी कान्ताही बरोबर असत, आणि त्या येताच गद्याचा सूर घरगुती, थट्टेखोर होतो. मराठीतली परिक्रमेची पुस्तकं मुख्यतः अनुभूतीची आहेत, श्रद्धेची आणि चमत्कारांची. वेगडांसारखं निवांत डोळ्यांनी लिहिलेलं त्यांत क्वचित सापडतं.

आणि तरीही, एक मराठी माणूस इटलीत एका जागी थांबला होता. एकटा नाही, हजारोंनी. १९४५ चा ईस्टर १ एप्रिलला होता. त्या दिवसांत आठव्या भारतीय डिव्हिजनमधली मराठा पलटण एड्रियाटिकच्या बाजूला, सेनिओ नदीच्या आघाडीवर होती. ९ एप्रिलला हल्ला सुरू झाला. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून नदीपार नेलं, मशीनगनची ठाणी एकट्याने गप्प केली, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, रायगडकडचे यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात असंच लढताना पडले; त्यांनाही तोच सन्मान मिळाला, मरणोत्तर. एड्रियाटिकजवळच्या सांग्रो नदीच्या युद्ध दफनभूमीत दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक आहे.

हे शौर्यकथा म्हणून आपण सांगतो. जबलपूर तर छावणीचंच गाव, इथे अशा कथांना तोटा नाही. साहित्याचा प्रश्न निराळा आहे. हे लोक घरी पत्रं लिहीत होते. मराठीत. इटलीतला पाऊस, चिखल, द्राक्षांचे मांडव, उपाशी पोरं, भाकरीऐवजी मिळणारा पाव, यांवर मराठीत लिहिलं जात होतं ते ‘अपूर्वाई’च्या पंधरा वर्षं आधी, आणि लिहिणारे किंवा लिहून घेणारे शेतकरी होते. त्यांतलं जे आज अभ्यासकांच्या हाती लागतं ते बव्हंशी लष्करी सेन्सॉरच्या पाक्षिक अहवालांतल्या उताऱ्यांत, इंग्रजी भाषांतरात, एकदोन वाक्यांत आणि बहुधा नावाशिवाय. इटलीच्या भूमीवरचं आपलं पहिलं मोठं मराठी लेखन असं परभाषेत, तुकड्यांत उरलं आहे. सेन्सॉरला हवा होता जवानांच्या मनोधैर्याचा अंदाज. ‘बरं चाललं आहे’ या वाक्यात कोकणी हेल होता की देशावरचा, हे त्याला कशाला हवं? कुणी ते उतारे आज मराठीत परत आणू लागलं, तर कोणत्या मराठीत आणायचं? प्रमाण मराठीत आणले तर ते मास्तरांचे होतात. बोलीत आणले तर ती बोली भाषांतरकाराने रचलेली असते. मला दुसरी चूक अधिक सुसह्य वाटते.

भाषांतराचाच आणखी एक प्रश्न ‘दि एन्चांटेड एप्रिल’च्या शेवटच्या पानावर आहे. महिना संपतो, मंडळी किल्ला सोडून टेकडी उतरतात, आणि खाली गावापर्यंत अकेशियाचा वास त्यांच्याबरोबर येतो. शब्दकोश उघडला की अकेशिया म्हणजे बाभूळ. पण युरोपात ज्याला सर्रास अकेशिया म्हणतात ते रॉबिनियाचं झाड असतं, पांढऱ्या लोंबत्या घोसांचं. बाभूळ लिहिली की मराठी वाचकाला शेताचा बांध दिसणार, काटा दिसणार, शेळ्या दिसणार. जबलपुरात बसून लिहिणाऱ्याला महुआचा मोह होईल, कारण इथल्या एप्रिलचा दरवळ तोच. पण महुआ आला की त्याच्यामागून त्याची दारूही येते आणि चौघी बायका भलत्याच अवस्थेत टेकडी उतरतात. मी ‘अकेशिया’च ठेवीन, तळटीप न देता. कोणतं झाड ते न कळता वाचकाला नुसता वास आला तरी चालेल. लॉटीलाही बहुधा नाव ठाऊक नसावं.